खापरबेटाची डावरी

सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेली गोगलगाय मंत्रिमहोदयांच्या साक्षीनं जिवंत झाली, आणि जिवंत होताच तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे संग्रहालयाचे संचालक डॉ. निहार वझलवारांच्या तळहातावर परसाकडचं उरकून घेतलं. हिरवट काळी, दोऱ्यासारखी लांब विष्ठा. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वझलवारांनी हात खाली घेतला नाही. विज्ञानात असे क्षण वारंवार येत नाहीत, शिवाय समोर कॅमेरे होते.

तिसऱ्या रांगेतली ऊर्मिला तोरसकर तेवढी टाळ्या वाजवायची थांबली. ती या संग्रहालयाच्या मृदुकाय विभागाची अभिरक्षक होती. मृदुकाय म्हणजे गोगलगायी, शिंपले, कालवं अशी अंगात हाड नसलेली मंडळी. त्यांचा विभाग कुठल्याही संग्रहालयात तळघरातच असतो. ज्या खणातल्या शंखांपासून हा चमत्कार घडला, त्या खणाची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

पडद्यावर मोठं करून दाखवलेलं ते ध्यान तिनं नीट पाहिलं. शंख उजवीकडं वळलेला होता.

खापरबेटाची डावरी डावीकडं वळते. टोक वर करून शंख आपल्यासमोर धरला, की जवळजवळ सगळ्या गोगलगायींचं तोंड आपल्या उजव्या हाताला येतं, डावरीचं डाव्या. बेटावरच्या लोकांनी तिला डावरी म्हटलं ते एवढ्यासाठीच. ऊर्मिलाची आई खापरबेटाची. लहानपणी दर मे महिन्यात सुरंगीच्या खोडावरच्या त्या पिवळसर, सुपारीएवढ्या डावऱ्या तिनं बोटानं गोंजारल्या होत्या. मंचावरची ही बाई तपकिरी होती, जाड होती, आणि पाहताच हात धुवावेसे वाटतील इतकी ओळखीची होती.

"हिला मी आमच्या संडासामागं पाहिलंय," ती शेजारच्या गृहस्थांना म्हणाली. गृहस्थ मंत्र्यांचे स्वीय सहायक होते. त्यांनी तिला पेढा दिला.

तिला जिवंत करणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव शुष्कपेशी पुनरुज्जीवन संच. लोक त्याला उठव्या म्हणत. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. कडक उन्हाळ्यात गोगलगाय शंखाच्या तोंडावर स्वतःच्याच बुळबुळीत स्रावाचा पडदा ओढून घेते. तो सुकून कागदासारखा होतो आणि आत ती महिनोन्‌महिने पडून राहते. या काळात तिच्या पेशींतलं पाणी निघून जातं आणि त्या जागी एक प्रकारची साखर काचेसारखी घट्ट बसते. पुढं ती आतल्या आत मेली, तरी त्या काचेत तिची जनुकं तुकड्यातुकड्यांनी शाबूत राहतात, मुरांब्यात कैरीच्या फोडी राहाव्यात तशी. उठव्या हे तुकडे वाचतो, एकमेकांना जोडतो, मधे कोरी जागा राहिली तर जवळच्या नातलगांवरून भरून काढतो, आणि तयार झालेला आराखडा एका रिकाम्या अंड्यात घालून उबवतो. अट एकच. शंखात वाळलेल्या मांसाचा कण हवा. जुने संग्राहक शंख उकळून, मांस ओढून काढून, स्वच्छ धुऊन ठेवायचे, त्यामुळं बाकीच्या संग्रहालयांतून उठव्याला हात हलवत परत यावं लागलं होतं. या एका खणात मात्र त्याला मांसच मांस मिळालं.

का मिळालं, हे कुणी विचारलं नाही. आनंदाच्या प्रसंगी कारणं विचारणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊर्मिला वझलवारांच्या केबिनमध्ये गेली. सोबत डावरीचं जुनं चित्र होतं, तिला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं तेव्हाचं. कस्टम खात्यातल्या कुण्या साहेबानं छापलेलं.

"सर, चित्रातली डावी आहे."

"उलट छापलंय." वझलवार गोड माणूस होता. "तेव्हा पत्र्यावर कोरून छापायचे. कोरणारा विसरला, की आरशातल्यासारखं उलटं यायचं. शंखांच्या चित्रांत ही चूक अगदी नेहमीची."

हे खरंच होतं. वझलवारांची पंचाईत हीच, की ते नेहमी खरंच बोलत.

"पण बेटावर अजून जिवंत डावऱ्या आहेत. डाव्या वळणाच्या. मी दाखवते तुम्हाला."

"असतील ना. पण त्या खापरबेटाच्या डावऱ्या नव्हेत." त्यांनी पेपरवेट उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला. "मॅडम, नियम तुम्हाला काय सांगायचा? ज्या शंखांवरून नाव ठेवलं, ते शंख नावाचे मालक. बाहेर जगात काय रांगतंय, याच्याशी नावाला कर्तव्य नाही. आता खणातल्या शंखांची जनुकं निघाली ती आपल्या परसातल्या आफ्रिकी गोगलगायीशी तंतोतंत जुळणारी..."

"तेच तर म्हणतेय मी!"

"म्हणजे जिला आपण इतकी वर्षं परदेशी, उपद्रवी म्हणून मीठ टाकून मारत आलो, ती मुळात खापरबेटाची! इथून ती आफ्रिकेला गेली. केवढी गोष्ट आहे ही."

"आणि सुरंगीवरच्या?"

"त्या खणात नाहीत, म्हणून यादीत नाहीत. त्यांना नावच नाही." वझलवारांचा चेहरा खरोखर पडला. "संरक्षित बेटावर बिननावाचा प्राणी म्हणजे घुसखोरच म्हणायचा. वाईट वाटतं हो."

ती घरी आली तेव्हा आबा आरशासमोर टोपी घालून बघत होते. आबा म्हणजे तिचे वडील, गणपत तोरसकर, याच संग्रहालयाचे निवृत्त भांडारपाल. कुलूप, किल्ली, डांबराच्या गोळ्या आणि दरवर्षीची पडताळणी हा त्यांचा प्रांत. पडताळणी म्हणजे वरच्या कार्यालयातून एक माणूस येतो, एकेक खण उघडतो आणि आतल्या वस्तू मोजतो. वस्तू कसली आहे हे तो बघत नाही. ते त्याचं काम नव्हे. आकडा जुळला, की सही करतो आणि चहा घेतो.

"ऊर्मे, सत्कार ठरला माझा. डावरी जपली म्हणून. वझलवारसाहेबांचा स्वतःचा फोन आलेला."

"आबा, त्या खणातले शंख कुठून आले?"

"खणातूनच." मग टोपी किंचित तिरकी करत, "म्हणजे आधी परसातून."

ऊर्मिला खुर्चीत बसली. आबा मात्र खुलले. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल घरात पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

"सागवानी कपाटं आपली, आणि ही दमट हवा. लाकडातनं आंबूस वाफ सुटते बघ. ती शंखातला चुना खाते. एका पावसाळ्यानंतर खण उघडला, तर डावऱ्यांच्या जागी पांढरं पीठ. नुसती फुंकर मारली तरी उडेल असं. आणि पडताळणी येऊन ठेपलेली. एक शंख कमी भरला तरी चौकशी लागते. मग गेलो परसात. संडासामागं ही मेली ढिगानं. त्यातली डावरीएवढी पिल्लं निवडून आणली."

"आणि डावी-उजवी?"

"मोजताना त्यानं काय फरक पडतो?" आबा म्हणाले. "तसा मी व्यवस्थित माणूस. दुसऱ्या खणांसाठी आणायचो, तेव्हा उकळून घ्यायचो, पिनेनं मांस ओढायचो. शेवटी शेवटी ते चिवट होतं, तुटतं, मग परत पिन घालायची. सगळं कॅन्टीनच्या किटलीत."

"कुठल्या किटलीत?"

"चहाच्या. दुसरी कुठं होती? धुवायचो की नंतर." आबांनी क्षणभर आठवलं. "बहुतेक वेळा."

ऊर्मिलानं हातातला चहाचा कप अगदी हळू खाली ठेवला. कॅन्टीनची ती अ‍ॅल्युमिनियमची किटली अजून चालू होती. आमच्या चहाला एक वेगळीच चव आहे, असं ती स्वतःच पाहुण्यांना सांगत आली होती.

"त्या दिवशी नेमका कॅन्टीनचा सिलिंडर संपला. म्हणून डावरीच्या खणात तशाच ठेवल्या. जित्या. बाराच्या बारा." आबांनी छाती पुढं काढली. "माझ्या अख्ख्या नोकरीत एक शंख कमी भरला नाही. बाकीच्या संग्रहालयांत जाऊन विचार."

"ही फसवणूक आहे, आबा."

"कुणाची? मोजणाऱ्याची? त्यानं मोजले, बरोबर भरले." आबांना खरोखरच समजेना. "कमी भरले असते, तर ती फसवणूक झाली असती."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं भाजीत मीठ कमी आहे का, एवढ्यावर आलं.

आणि मीठ खापरबेटावरून नाहीसंच झालं. नव्या डावरीच्या रक्षणाचा कायदा झाला, उठवलेल्या हजारो गोगलगायी बेटावर सोडल्या गेल्या. मीठ पडलं की गोगलगाय विरघळते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. सबब बेटावर मिठाला बंदी. बेट खारवलेल्या माशांवर जगतं ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल, पण मासे दुसऱ्या खात्याकडं असतात.

दिवाळीनंतर झुबेदामावशीचा फोन आला. झुबेदा होडेकर ऊर्मिलाच्या आईची बालमैत्रीण. बेटावर येण्याजाण्याची होडी तीच चालवायची. "ऊर्मे, तुज्या हापिसातली जनावरां न्यायला ये गो. आनि बापसाला पन घेऊन ये. सत्कार हाय ना त्याचा? मला बी करायचाय."

आबा आले. बायकोचं माहेर होतं, आणि आपण जपलेलं बेणं कसं फोफावलंय हेही त्यांना बघायचं होतं.

होडी बेटाला लागायच्या आधी वास लागला. मिठाविना वाळत घातलेले बांगडे ओटीवर, मांडवावर, दोऱ्यांवर सडत होते. त्यांची पोटं फुटून पिवळं पाणी गळत होतं, आणि त्या पाण्यात माना घालून गोगलगायी चरत होत्या. धक्क्याच्या पायऱ्यांवर बोटभर जाडीचा चिकटा. पाय ठेवला की सुटताना तार यायची. घरांच्या भिंतींचा चुना खाऊन त्यांनी खालचे चिरे उघडे पाडले होते. विहिरीच्या रहाटावर, दाराच्या कडीवर, चपलेच्या आत. एका ओटीवर तान्हं मूल झोपलं होतं आणि त्याची आई हातात पिसांचा झाडू घेऊन शेजारी बसून होती. चिरडली तर दंड होता, म्हणून ती एकेक गोगलगाय उचलून अदबीनं बाजूला ठेवत होती.

झुबेदामावशीनं चहा आणला. ऊर्मिलानं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन होत्या, एकमेकींवर चढलेल्या, फेसाळत.

"राहू दे," मावशी म्हणाली. "लग्न लागलंय तेंचा. साक्षीदार व्हायचा आसंल तर हो." मग आबांकडं वळून, "काय गनपतराव, कसं काय वाटतंय? घर भरलंय ना पोरानातवंडांनी?"

 आबांचं लक्ष समोरच्या सुरंगीकडं होतं. झाडाखाली निळी जाकिटं घातलेले तिघं तरुण खोडावरून काहीतरी वेचून बादलीत टाकत होते. शेजारी मिठाचं पोतं. बेटावर मीठ होतं ते एवढंच, आणि ते घुसखोर निर्मूलन पथकाचं होतं.

आबा जवळ गेले. बादलीत डावऱ्या होत्या. पिवळसर, नाजूक, सगळ्यांची तोंडं डावीकडं. एकानं ओंजळभर मीठ टाकलं. बादलीतून सूं असा आवाज निघाला, पिवळा फेस काठापर्यंत चढला, आणि फेसातून बारीक डोळ्यांच्या काड्या वर आल्या आणि एकेक करून वाकल्या.

"किती झाल्या?" आबांनी विचारलं. आयुष्यभराची सवय.

"मोजत नाय काका. वजनावर घेतात."

"वजनावर?"

"सुकल्यावर. मोजणार कोण एवढ्या?"

आबांनी तोंडावर रुमाल धरला. सडके बांगडे पाहून, चिकट्यातून चालून, चहाच्या झाकणातलं ते लग्न बघूनही त्यांना काही झालं नव्हतं. इथं मात्र ते सुरंगीच्या बुंध्याला हात टेकून ओकले.

जाताना मावशीनं त्यांना घरात नेलं. आढ्याला तिच्या मुलांचा जुना पाळणा टांगलेला होता, तपकिरी गोगलगायी उतरू नयेत म्हणून दोऱ्यांना डांबर फासलेलं. आत सुरंगीची ओली पानं, आणि पानांखाली डावऱ्या. रात्रीतून वेचून आणलेल्या, जेवढ्या मिळाल्या तेवढ्या. "तुजी आय गजऱ्यासाठी कळ्या काढायला झाडावर चढायची ना, तवा ह्यांना हलवायची नाय," मावशी ऊर्मिलाला म्हणाली. "म्हनायची, ह्यांचा घर आधी, आपला गजरा मागनं."

परतीच्या होडीत आबा म्हणाले, "सत्कारात मी सगळं सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. शाल अंगावर, नारळ हातात, माइकसमोर उभं राहून पीठ, परस, संडास, किटली, पिन, सिलिंडर, काहीही गाळलं नाही. "त्या डावऱ्या नव्हेत," ते म्हणाले. "मी परसातल्या ठेवल्या. खरी डावरी बेटावर मरतेय. मिठात."

 सभागृहात कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि मग उभं राहून टाळ्या सुरू झाल्या. वझलवारांचे डोळे पाणावले होते. त्यांनी माइक घेतला.

"बघा. एवढं काम करूनही हा माणूस म्हणतोय, यात माझं काही नाही, परसात होतं ते आणून ठेवलं! असा विनय आता कुठं उरलाय?" आणि त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की ती ऐतिहासिक किटली यापुढं काचेच्या पेटीत ठेवली जाईल.

रिक्षात आबा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "पडताळणी कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. आता माणूस येत नाही, आबा. उठव्याच करतो. प्रत्येक शंखातला कण तपासून नावाशी लावतो."

"पण बघतो खणातच ना?"

"खणातच."

"मग तोही मोजायलाच येतो," आबा म्हणाले.

ऊर्मिलानं त्यांच्याकडं पाहिलं. आबांचा चेहरा बेटावरून आल्यापासून पहिल्यांदा जागेवर आला होता. तिला किळस आली. आबांची नव्हे, आपल्याला ही गोष्ट लगेच, पूर्ण समजली याची.

रविवारी संग्रहालय बंद असतं. झुबेदामावशीनं जेवणाच्या डब्यातून पानांत गुंडाळून बारा डावऱ्या पाठवल्या होत्या. बाकीच्या पाळण्यात राहिल्या. तळघरात आबांनी खणातले जुने शंख काढून पिशवीत घातले, कागदी तळ बदलला, चिठ्ठ्या होत्या तिथं लावल्या. हात सराईतपणे चालत होते.

"उकळायच्या नाहीत?" ऊर्मिलानं उगीच विचारलं.

"यंत्राला मांस लागतं, तूच म्हणालीस. आणि किटली काचेत गेलीय."

ठेवायचं काम तिनं स्वतः केलं. पहिली तळहातावर होती. तिनं डोळ्यांच्या काड्या बाहेर काढल्या, ऊर्मिलाचा अंगठा चाचपला आणि त्यावर चढू लागली. थंड, ओली, हलकी. ऊर्मिलानं तिला अंगठ्यावरून सोडवली तेव्हा अगदी बारीक आवाज आला, पापा घेतल्यासारखा. मग दुसरी. बाराव्या डावरीनंतर आबांनी मोजलं, मान हलवली, आणि तिनं खण लावून घेतला.

पडताळणीत उठव्यानं सांगितलं, की खापरबेटाची डावरी डाव्या वळणाची असून परसातल्या गोगलगायीशी तिचा काही संबंध नाही. मागच्या वेळच्या वाचनात परसातल्या गोगलगायीच्या स्रावाची भेसळ झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. वझलवारांनी तो उमदेपणानं मान्य केला आणि चित्र कोरणाऱ्या त्या अज्ञात कारागिराची भर सभेत माफी मागितली. सुरंगीवरच्या डावरीला नाव मिळालं, तपकिरी गोगलगाय पुन्हा परकी झाली, बेटावर मिठाच्या गोणी उतरल्या. तेच तिघं, तीच निळी जाकिटं, तीच बादली. फक्त आतली गोगलगाय बदलली. मावशीनं पाळणा उतरवून सुरंगीखाली नेऊन रिकामा केला.

पुढच्या होडीनं तिनं खारवलेले बांगडे पाठवले. घरात तळणीचा वास सुटला. ऊर्मिलानं एक घास तोंडाजवळ नेला, बोटांचा वास घेतला आणि ताट बाजूला सारलं. साबणानं, चिंचेनं, राखेनं हात धुऊन झाले होते.

"आबा, तुम्हाला तेव्हा आवाज यायचा?"

"कसला?"

"खणातून. लाकडावर कुणी खरवडल्यासारखा."

आबांनी बांगड्याचा काटा अलगद काढला, ताटाच्या कडेला ठेवला.

"येतो," ते म्हणाले. "थोडे दिवस. मग पडताळणी होते."